प्रश्न वाचकांचे: षड्ज-पंचम, कूलर आणि स्ट्रिंग क्वार्टेट

दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो, अशा चौघांच्या संचाला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. हे संगीत हौस म्हणून न वाजवता व्यवसाय म्हणून करायचं असेल तर शिक्षण कुठे आणि कसं घ्यायचं, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं नागपुरातून आली. लांब पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, प्रश्न मात्र तुमचेच आहेत.

आम्ही चौघं १९ ते २२ वयाचे. सगळ्यांची आठवी ग्रेड झाली आहे. दोन वर्षं दर रविवारी एकत्र वाजवतो. परदेशात क्वार्टेटचं वेगळं प्रगत शिक्षण असतं म्हणतात. त्यात काय शिकवतात, आणि आम्ही यंदाच अर्ज करावा का? – चार मित्र, धरमपेठ

यंदा नको. आधी हे शिक्षण कोणासाठी आहे ते पाहू. आठवी ग्रेड ही ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड परीक्षांची शेवटची पायरी. संगीत महाविद्यालयाच्या दृष्टीने ती उंबरठ्याच्या अलीकडची आहे. क्वार्टेटचे प्रगत अभ्यासक्रम त्याच्याही बरेच पुढे सुरू होतात. तिथे येणाऱ्या वादकांची बहुतेक वेळा पदवी झालेली असते, अनेकांची पदव्युत्तरही. मुख्य म्हणजे प्रवेश एकेकट्याला मिळत नाही. अर्ज चौघांचा मिळून एक, ऑडिशन एक आणि निकालही एकच.

बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत व्यावसायिक स्ट्रिंग क्वार्टेट प्रशिक्षणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. क्लीव्हलंड क्वार्टेटचे चेलोवादक पॉल कॅट्झ यांनी तो उभा केला. न्यूयॉर्कच्या जुलिअर्डमध्ये एका तरुण क्वार्टेटला निवासी क्वार्टेट म्हणून घेतात आणि जुलिअर्ड स्ट्रिंग क्वार्टेटचे वादक त्यांना शिकवतात. युरोपात अल्बान बेर्ग क्वार्टेटचे व्हिओलावादक हाटो बायर्ले यांनी २००४ साली युरोपियन चेंबर म्युझिक अकॅडमी सुरू केली. तिची सत्रं वेगवेगळ्या देशांतल्या संस्थांमध्ये फिरत्या पद्धतीने भरतात.

या सगळ्यांत बोटं कशी ठेवायची हे कोणी शिकवत नाही, ते तुम्हाला येतंच असं धरलेलं असतं. शिकवतात ते चार जणांनी मिळून एक स्वर कसा काढायचा, एका वाक्याचा श्वास कसा घ्यायचा, स्कोअर (चौघांचं एकत्र लिहिलेलं नोटेशन) वाचून निर्णय कसे घ्यायचे आणि वीस-पंचवीस कृती हाताशी कशा ठेवायच्या हे. रोज तीन-चार तास एकत्र तालीम होते, स्वतःचा रियाज वेगळा. सोबत मैफली, शाळांमधले कार्यक्रम आणि धाकट्या विद्यार्थ्यांना शिकवणंही असतं.

तुम्ही दोन पातळ्यांवर तयारी करा. एकेकट्याने ग्रेडच्या पुढची डिप्लोमा परीक्षा द्या आणि वाद्यवादनाची पदवी कुठे घेता येईल ते शोधा. क्वार्टेट म्हणून रविवारची तालीम आठवड्यातून चार दिवसांवर न्या. रविवारी भेटलं की पहिला तास मागच्या रविवारी काय ठरलं होतं ते आठवण्यातच जातो. दोन दिवसांहून मोठा खंड पडला तर चौघांचा सूर पुन्हा चार दिशांना जातो.

काय वाजवायचं ते क्रमाने घ्या. आधी हायडन, ओपस (म्हणजे संगीतकाराच्या कृतींना दिलेला क्रमांक) ३३ किंवा ७६ मधली एक पूर्ण कृती. मग हायडनच्याच ओपस २० मधली फ्यूगने संपणारी एखादी; क्रमांक २, ५ आणि ६ तशा आहेत. फ्यूगमध्ये लपायला जागा नसते. चौघांना तेच वाक्य आळीपाळीने म्हणावं लागतं आणि कोणाचं उच्चारण वेगळं आहे ते लगेच कळतं. त्यानंतर बेथोवनच्या ओपस १८ मधली एक, ड्वोर्झाकची ओपस ९६ आणि विसाव्या शतकातली एक. बार्टोकच्या सहापैकी पहिली चालेल, चौथीला आत्ता हात लावू नका. ऑडिशनला बहुधा अशाच तीन काळांतल्या तीन कृती मागतात.

पहिली चाळणी व्हिडिओवर होते. अमेरिकेतल्या बऱ्याच संस्थांची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, म्हणजे रेकॉर्डिंग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच उरकायला हवं. दिवाळीच्या फटाक्यांत ते होणार नाही. प्रत्येक मूव्हमेंट (कृतीचा एक स्वतंत्र भाग) एका दमात, मध्ये न कापता वाजवलेली असावी आणि चौघांचेही दोन्ही हात दिसावेत. माइकची स्टिरिओ जोडी दोन ते तीन मीटर समोर, डोक्याहून उंच. पंखा आणि कूलर बंद. पहाटे साडेपाचची वेळ सगळ्यात चांगली, तेव्हा रस्ताही शांत असतो.

आम्ही प्रत्येक जण मोबाइलवरच्या ट्यूनरने सूर तपासतो. एकेकट्याचा स्वर बरोबर येतो, पण चौघं मिळून साधा सी मेजर वाजवला की काहीतरी खुपतं. चूक कोणाची? – व्हिओलावादक, लक्ष्मीनगर

कोणाचीच नाही. चौघांचे स्वर ट्यूनरला बरोबर वाटतात, पण एकमेकांशी त्यांचं जुळत नाही, एवढंच. हा प्रश्न क्वार्टेटच्या शिक्षणाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आपल्याकडे तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. तो षड्जाशी ५:४ या नात्याने असतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तो ३८६ वर येतो. ट्यूनरचा गांधार असतो ४०० वर. हा १४ सेंटांचा फरक पियानोवर कान सोडून देतो, कारण तिथे स्वर लगेच विरतो. चार बो (गज) एकच स्वरसमूह (कॉर्ड) चार सेकंद धरून ठेवतात तेव्हा मात्र तो टोचतो.

आता वाद्यांच्या खुल्या तारा पाहा. चेलो आणि व्हिओलाच्या तारा सी, जी, डी, ए. व्हायोलिनच्या जी, डी, ए, ई. शेजारच्या दोन तारांत षड्ज-पंचम भाव. शुद्ध पंचम ७०२ सेंटांचा. व्हिओलाच्या सीपासून (चेलोचा सी त्याच्या बरोबर एक सप्तक खाली) व्हायोलिनच्या ईपर्यंत असे चार पंचम चढले की होतात २८०८. त्यातून दोन सप्तकं, म्हणजे २४००, वजा केली की उरतात ४०८. स्वयंभू गांधाराहून हा ई तब्बल २२ सेंट चढा. म्हणजे प्रत्येकाने आपलं वाद्य अगदी शुद्ध पंचमात जुळवलं तरी चेलोचा खुला सी आणि व्हायोलिनचा खुला ई एकत्र लागले की भांडणारच. तुम्हाला खुपतं ते बहुतेक हेच.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करायचे. जुळवताना ए एकाच वाद्यावरून घ्या, रोज त्याच. मग खालच्या तारा जुळवताना प्रत्येक पंचम अगदी केसभर आत ओढा, दोन सेंटांइतका, म्हणजे सी किंचित वर येतो. दुसरं, जिथे ई हा त्या स्वरसमूहाचा गांधार आहे तिथे पहिल्या व्हायोलिनने खुली तार वाजवायची नाही. ए तारेवर बोटाने ई घ्यायचा आणि खाली आणायचा.

आता रोजचा सराव. हायडनच्या ओपस ७६ क्रमांक ३ मधली दुसरी मूव्हमेंट घ्या. १७९७ साली हायडनने सम्राट फ्रान्झसाठी केलेल्या गीताची चाल तिच्यात आहे. आज तीच जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल आहे. त्यावर चार व्हेरिएशन्स (रूपांतरं) आहेत आणि धून क्रमाने दुसऱ्या व्हायोलिनकडे, चेलोकडे, व्हिओलाकडे आणि शेवटी पहिल्या व्हायोलिनकडे जाते. सरावाला याहून सोयीचं काही सापडणार नाही.

पहिल्या ओळीतला एक स्वरसमूह निवडून थांबा. व्हायब्रेटो (बोट हलवून स्वराला दिलेलं कंपन) पूर्ण बंद, बो मध्यभागी, आवाज मध्यम. चेलो मूळ स्वर धरतो आणि शेवटपर्यंत हलत नाही. ज्याच्याकडे त्याच स्वराचं वरचं सप्तक आहे तो त्यात मिसळतो, इतका की दुसरं वाद्य आलंय हे कळू नये. मग पंचम येतो. सगळ्यात शेवटी गांधारवाला येतो, इतरांहून हलक्या आवाजात, आणि ट्यूनरच्या जागेवरून हळूहळू खाली सरकतो. आवाजात लाटा ऐकू येतील, वाँव-वाँव अशा. त्या संथ होत होत थांबतात. थांबल्या की खोलीतला आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटतो. ती जागा कानात साठवा. मग एकेकाने थांबून पुन्हा यायचं, आणि थेट त्याच जागेवर. त्यानंतरच तो स्वरसमूह लयीत वाजवायचा.

हमखास होणारी चूक म्हणजे चौघंही एकाच वेळी सरकतात. मग कोणीच स्थिर नसतं आणि पाच मिनिटांत सगळा संच पाव स्वर खाली गेलेला असतो. म्हणून खालचा हलत नाही, हा नियम मोडायचा नाही. दुसरी चूक गांधार मोठ्याने वाजवण्याची. तो जितका मोठा तितका बेसूर वाटतो, बरोबर असला तरी.

हे सगळं धरलेल्या स्वरांसाठी. धून चालू असेल तेव्हा शुद्ध निषाद षड्जाकडे झुकतो, तिथे तो थोडा चढाच गोड लागतो. एकाच स्वराला धुनेत वर जायचंय आणि स्वरसमूहात खाली यायचंय, असा पेच रोज येईल. आमचा कल असा: स्वर धावता असेल तर धुनेचं ऐका, थांबलेला असेल तर स्वरसमूहाचं. पार्टवर (आपल्या वाद्याच्या नोटेशनवर) पेन्सिलीने वर किंवा खाली बाण काढून ठेवा. उद्या आठवणार नाही.

माझ्या मुलाला त्याच्या ग्रुपमध्ये कायम दुसरं व्हायोलिन देतात. त्याची प्रगती खुंटणार नाही का? – एक वडील, मनीषनगर

'दुसरं' या शब्दाने घोटाळा केलाय. बेथोवनची ओपस ५९ क्रमांक १ ऐका. सुरुवातीची धून चेलोकडे आहे आणि तिच्या पाठीशी दुसरं व्हायोलिन आणि व्हिओला एकसारखे अर्ध्या मात्रेचे स्वर वाजवतात. ऐकणाऱ्याचं लक्ष चेलोकडे जातं, पण लय त्या दोघांच्या हातात असते. त्यांनी बो जरा जड टाकला की चेलोची धून बैलगाडीत बसते, जरा घाई केली की चेलोवाल्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही. चांगल्या क्वार्टेटमध्ये पहिलं व्हायोलिन बदललं तर रंग बदलतो. दुसरं बदललं तर बैठकच बदलते.

दुसऱ्या व्हायोलिनवाल्याला खालच्या दोन तारांवर भरदार आवाज काढावा लागतो आणि पहिल्याच्या एक सप्तक खाली तोच स्वर न झाकता धरावा लागतो. दोन वाक्यांत साथीतून धुनेत आणि धुनेतून साथीत जावं लागतं. हे एकट्याच्या रियाजात शिकता येत नाही.

तरीही शिकण्याच्या वयात जागा अदलाबदल करणं चांगलंच. अमेरिकेतलं इमर्सन क्वार्टेट १९७६ ते २०२३ चाललं आणि त्यातले दोन्ही व्हायोलिनवादक पहिल्या खुर्चीवर आळीपाळीने बसत. मुलाला शिक्षकांशी बोलू द्या, तुम्ही बोलू नका. हायडनमध्ये एकाने आणि ड्वोर्झाकमध्ये दुसऱ्याने पहिलं वाजवायचं, अशी वाटणी सहज होते.

मे महिन्यात खुंट्या सारख्या सुटतात आणि चेलोतून खरखर येते. पावसाळ्यात खुंट्या हलतच नाहीत. परदेशी पुस्तकांत नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल काहीच नाही! – चेलोवादक, सदर

खरं आहे. या वाद्यांना ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे नवतपात ऊन मी म्हणत असतं, पारा ४५ च्या आसपास आणि हवा कोरडीठाक. दोन महिन्यांनी तीच हवा ओलीचिंब. लाकूड धाग्याच्या दिशेने फारसं बदलत नाही, पण आडवं आक्रसतं आणि फुगतं. सगळे त्रास तिथून सुरू होतात.

खुंटी आणि तिचं भोक दोन्ही आक्रसतात, पण सारखे नाहीत, म्हणून उन्हाळ्यात खुंटी सैल होते. ती पिळताना आत दाबत पिळा आणि पेग पेस्टचा पातळ थर लावा. जोर लावून ठोकू नका, पेगबॉक्सला चीर जाते. पावसाळ्यात अडकलेली खुंटी रोज एकदा थोडी मागेपुढे करत राहा.

खरखर बहुतेक वेळा उघडलेल्या सांध्याची असते. वाद्याची वरची-खालची पाटी बाजूच्या पट्ट्यांना सरसाने चिकटवलेली असते, आणि तीही मुद्दाम फार घट्ट नाही. लाकूड आक्रसलं तर पाटी फाटण्याऐवजी सांधा सुटावा, हा त्यामागचा विचार. म्हणजे सुटलेला सांधा हे वाद्य वाचल्याचं लक्षण आहे. बोटाच्या पेराने कडेकडेने हलके टकटक करत जा. सगळीकडे भरीव आवाज येईल आणि एका जागी एकदम फुटक्या मडक्यासारखा, तिथे सांधा उघडलाय. कारागिराकडून सरसानेच बसवून घ्या. फेविकॉल किंवा फेविक्विक लावलं की पुढच्या वेळी सांधा सुटणार नाही, पाटी फाटेल.

कूलरबद्दल दोन शब्द. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा माणसाला सुखाची असते, पण कूलरच्या झोतात ठेवलेला चेलो एका बाजूने ओला आणि दुसऱ्या बाजूने कोरडा होतो. त्याहून वाईट म्हणजे कूलरच्या खोलीतून थेट उन्हात, तिथून एसी गाडीत आणि परत. वाद्याची खोली घराच्या मधली, बाहेरची भिंत नसलेली असावी. पेटीत छोटा हायग्रोमीटर ठेवा. आकडा ३५ च्या खाली गेला की वाद्यात घालायची ओली नळी वापरा. भिजवल्यावर ती घट्ट पिळा आणि कपड्याने पुसा, आत थेंब पडता कामा नये. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल. तालमीच्या जागी पोचल्यावर पेटी उघडून वीस मिनिटं नुसती ठेवा, मग जुळवा. उभ्या गाडीत वाद्य पाच मिनिटंही सोडू नका, सरस उष्णतेने मऊ होतो.

बो-कडे कोणी लक्ष देत नाही. पावसाळ्यात नवे केस बसवून घेतले तर ते ओलाव्याने लांबलेले असतात. एप्रिलमध्ये आक्रसतात, स्क्रू पूर्ण सैल केला तरी ताण राहतो आणि काठी वाकडी होते. केस बसवणाऱ्याला नागपूरचा उन्हाळा सांगा आणि थोडे लांब ठेवायला सांगा. घोडीही (तारा जिच्यावर टेकतात तो ब्रिज) पाहा. पावसाळ्यात चेलोची वरची पाटी फुगून तारा उंच होतात, उन्हाळ्यात त्या बोर्डाला टेकायला येतात. व्यावसायिक चेलोवादक दोन उंचीच्या दोन घोड्या ठेवतात. बदलायचं काम कारागिराचं, कारण चारही तारा एकदम सोडल्या की आतला साउंडपोस्ट (दोन पाट्यांमधली उभी लाकडी दांडी) पडतो.

माझ्याकडे महालात सहा वर्षं हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेली सतरा वर्षांची विद्यार्थिनी आहे. एका क्वार्टेटला व्हिओला वाजवणारं कोणी मिळत नाही. ती बसू शकेल का? – एक संगीत शिक्षक

गुरुजी, नक्की बसू शकेल. रोज दोन तास दिले तर वर्ष-दीड वर्ष धरा. तिचा कान ही तिची मोठी जमेची बाजू आहे. स्वयंभू गांधार तिला समजावून सांगावा लागणार नाही.

बदलावं लागेल ते असं. मांडी घालून वाद्याचं टोक पायावर टेकवण्याऐवजी व्हिओला खांदा आणि हनुवटीवर धरायचा, म्हणजे डावा हात पूर्ण नव्याने घडवायचा. आपल्याकडच्या सा-प-सा-प जुळणीऐवजी सलग पंचम. मींडेने स्वरावर पोचण्याची सवय सोडून थेट स्वरावर उतरायचं. चौघांपैकी एकटी मींड घेत आली तर स्वरसमूह उशिरा लागतो. आणि नोटेशन. व्हिओला आल्टो क्लेफमध्ये (कोणत्या रेघेवर कोणता स्वर ते सांगणारं चिन्ह म्हणजे क्लेफ) लिहितात, त्यात मधली रेघ म्हणजे मध्य सी. व्हायोलिनची क्लेफ शिकून मग बदलण्यापेक्षा तिने सुरुवातच आल्टोने करावी.

व्हिओलाची मापं ठरलेली नसतात, मान सोडून वाद्याचं धड साधारण ३८ ते ४२ सेंटिमीटर. हात सरळ लांब केल्यावर बोटं स्क्रोलला (मानेच्या वळलेल्या टोकाला) सहज वळसा घालतील एवढाच घ्या. मोठ्याचा आवाज चांगला म्हणून मोठा घेतला की वर्षभरात मनगट दुखतं. बो ७० ग्रॅमच्या आसपास असतो, व्हायोलिनच्या बोहून दहाएक ग्रॅमने जड, आणि खालची सी तार बोलायला क्षणभर उशीर लावते. तो क्षण आधीच मोजून बो टाकायला शिकणं हेच निम्मं व्हिओलावादन. आपल्याकडचं व्हायोलिन आहे त्याच जुळणीत राहू द्यावं, तिने दोन्ही चालू ठेवावं.

तालमीत दोन विरुद्ध दोन मतं पडतात आणि अर्धा तास वादात जातो. – दुसरं व्हायोलिन, सीताबर्डी

चौघांत सम मतं पडणारच. बोलून ठरवू नका, वाजवून ठरवा. दोन्ही पद्धती पूर्ण मनापासून वाजवायच्या, दुसऱ्याचीही आपलीच असल्यासारखी, आणि रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐकायचं. त्याच दिवशी ऐकलं तर प्रत्येकाला आपलंच पटतं. तरी सुटलं नाही तर त्या जागी धून ज्याच्याकडे आहे त्याचं या मैफलीपुरतं ऐका, पुढच्या मैफलीला दुसरी पद्धत.

सूचना करताना माणसाचं नाव घेऊ नका, जागेचं घ्या. "तू घाई करतोस" याऐवजी "बत्तिसाव्या बारमध्ये आपण पुढे जातोय". आणि तालमीची पहिली वीस मिनिटं कोणीच बोलायचं नाही: एक स्केल सप्तकात एकत्र, मग तीच स्केल दोन स्वरांच्या अंतराने एकामागून एक, बो-चा तोच भाग, तोच वेग. एवढ्याने निम्मे वाद उठतच नाहीत. बरेचसे मतभेद अर्थाचे वाटतात, पण मुळात कोणीतरी बो टोकाला वाजवतंय आणि कोणीतरी मुठीशी, एवढंच असतं.

नागपुरात क्वार्टेटचा प्रशिक्षक नाही. ऑनलाइन चालेल का? – विद्यार्थी, प्रतापनगर

शिकवणीसाठी चालेल, एकत्र वाजवण्यासाठी नाही. आवाज पोचायला साधारण तीस मिलिसेकंदांहून जास्त लागले की लय ओढली जाते, आणि व्हिडिओ कॉलवर त्याच्या कितीतरी पट उशीर होतो. चौघं एका खोलीत आणि शिक्षक पडद्यावर, असं ठेवा. आदल्या दिवशी दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग स्कोअरच्या बार क्रमांकांसह पाठवा, म्हणजे तासाचा वेळ वाजवून दाखवण्यात जाणार नाही.

दीड-दोन महिन्यांतून एकदा मुंबई गाठा. एनसीपीए या नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि तिथल्या वादकांकडून शिकता येतं. विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोने संध्याकाळी-रात्री निघालं की सकाळी पोचता. चौघांनी एकत्रच जा. तिघं गेले तर चौथ्याला सांगण्यात शिकवणीचा अर्क निघून जातो.

मुलीला यातच करिअर करायचं आहे. पोट भरेल का? – एक आई, त्रिमूर्तीनगर

नुसत्या मैफलींवर नाही, हे तिला आत्ताच कळलेलं बरं. मानधनाचे चार वाटे होतात, त्याआधी व्यवस्थापकाचा हिस्सा आणि प्रवास जातो. विमानात चेलोसाठी वेगळी सीट घ्यावी लागते, म्हणजे चौघांची पाच तिकिटं. जगातली बहुतेक नावाजलेली क्वार्टेटं विद्यापीठात किंवा महाविद्यालयात शिकवून स्थिर झाली आहेत. कॅनडातली बान्फ, लंडनची विगमोर हॉल आणि इटलीच्या रेज्जो एमिलियातली पाओलो बोर्चियानी, या स्पर्धांत यश मिळालं की मैफलींची दारं उघडतात. बान्फ आणि विगमोर दर तीन वर्षांनी होतात आणि वयाची मर्यादा साधारण पस्तीसच्या आसपास असते. म्हणजे चुकायला जागा आहे, पण फार नाही. भारतात राहून शिकवणं, ऑर्केस्ट्रातलं काम आणि लग्न-समारंभातलं वादन असं मिळून घर चालू शकतं.

एक आग्रह. पहिलं मानधन येण्याआधी चौघांनी स्टॅम्प पेपरवर करार करावा: संचाचं नाव कोणाचं, वाटे समान का, सोडणाऱ्याने किती महिने आधी सांगायचं, सामाईक खात्यातून काय घ्यायचं, वाद्यांचा विमा कोण भरणार. मैत्री असताना हे लिहायला अवघड वाटतं, पण नंतर लिहिताच येत नाही.

पहिली जाहीर मैफल करायची आहे. सुरेश भट सभागृह घ्यावं का? – चेलोवादक, रेशीमबाग

फार मोठं आहे, आणि माइक लावावे लागले तर महिनाभर जुळवलेला आवाजाचा तोल ध्वनी-यंत्रणेवाल्याच्या हातात जातो. शंभर-दीडशे खुर्च्यांची, उंच छताची खोली शोधा. सदर-सिव्हिल लाइन्समधली जुनी चर्चेस किंवा एखाद्या शाळेचं दगडी सभागृह पाहा. मध्यभागी उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. शेपूट एक ते दीड सेकंदात विरली तर जागा चांगली, दोनच्या पुढे गेली तर हायडनच्या धावत्या ओळींचा चिखल होईल. लोक बसल्यावर घुमणं थोडं कमी होतं, तेवढं वजा धरा.

पंखे बंद ठेवावे लागतील, म्हणून तारीख डिसेंबर-जानेवारीतली घ्या. खुर्च्या हात नसलेल्या आणि सपाट बैठकीच्या, चौघांच्या सारख्या उंचीच्या. चेलोची एंडपिन (जमिनीवर टेकणारी खालची दांडी) गुळगुळीत फरशीवर घसरते, तेव्हा खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा किंवा खाली रबर लावलेली फळी आठवणीने न्या.